खांदेपालट: थरलीच्या तळावरचं एक प्रकरण आणि ‘ट्वेल्व्ह ओक्लॉक हाय’

४ जानेवारी १९४३ रोजी इंग्लंडच्या बेडफर्डशायर परगण्यातल्या थरली विमानतळावर एका अमेरिकन कर्नलला पदावरून दूर करण्यात आलं. त्याचं नाव चार्ल्स ओव्हरॅकर. त्याच्या हाताखाली आठव्या हवाई दलाचा ३०६ वा बॉम्बर गट होता. मोहिमांमध्ये विमानं पडत होती, बॉम्ब लक्ष्यावर पडत नव्हते आणि तळावरची शिस्त सैल झाली होती, अशी वरिष्ठांची तक्रार होती. आठव्या हवाई दलाचा प्रमुख जनरल आयरा ईकर याने ओव्हरॅकरला बाजूला केलं आणि त्याच्या जागी कर्नल फ्रँक आर्मस्ट्राँगला बसवलं.

युद्धात असे खांदेपालट रोज होतात. हा लक्षात राहिला, कारण बर्न ले आणि साय बार्टलेट या दोघांनी तो कादंबरीत उतरवला आणि १९४९ मध्ये हेन्री किंग या दिग्दर्शकाने त्यावर ‘ट्वेल्व्ह ओक्लॉक हाय’ हा चित्रपट केला. दोन्ही लेखक युद्धकाळात आठव्या हवाई दलात होते. बर्न ले तर १७ ऑगस्ट १९४३ च्या रेगेन्सबुर्ग मोहिमेत स्वतः विमानात बसून गेला होता. चित्रपटातला गट काल्पनिक आहे, ९१८ वा. पण ३०६ ची तिप्पट केली की ९१८ येतात, आणि ओळख पटायला तेवढं पुरेसं आहे. ओव्हरॅकरचा झाला कर्नल डेव्हनपोर्ट, आर्मस्ट्राँगचा झाला ब्रिगेडियर जनरल फ्रँक सॅव्हेज. सॅव्हेजचं काम ग्रेगरी पेकने केलं आणि त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत ताकदीच्या कामांत मी ते धरतो.

हा चित्रपट अमेरिकेत लष्करी प्रबोधिन्यांपासून व्यवस्थापनाच्या वर्गांपर्यंत कित्येक दशकं नेतृत्वाचा धडा म्हणून दाखवला जातो. कारखान्यांतल्या सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात मीही तो वापरत आलो आहे. बहुतेक लोक त्यातून एकच गोष्ट घेऊन जातात: मवाळ साहेब गेला, कडक साहेब आला, गट ताळ्यावर आला. कोणी बिघडलेल्या खात्याचा प्रमुख असेल तर त्याला हे फार आवडतं. माझं म्हणणं असं, की या वाचनात चित्रपटाचा शेवटचा अर्धा तास गाळला जातो. कडक साहेबही शेवटी मोडतो. मवाळ माणूस ज्या ओझ्याखाली वाकला, त्याच ओझ्याखाली कडक माणूसही वाकतो, फक्त थोडा उशिरा. म्हणून हे प्रकरण माणसांच्या स्वभावाकडून न वाचता ओझ्याकडून वाचायला हवं.

ते ओझं काय होतं?

या गटांची बॉम्बर विमानं बी-१७ जातीची होती. एका बी-१७ मध्ये दहा माणसं असत. पंचवीस हजार फुटांवर तापमान शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत आणि त्याहूनही खाली जाई. कमरेपाशी दोन बाजूंना दोन तोफची उभे असत आणि सुरुवातीच्या विमानांत त्यांच्या खिडक्या उघड्याच असत. त्या वाऱ्यात हातमोजा काढून धातूला हात लावला तर कातडी चिकटून येई. विजेवर गरम होणारे कपडे मिळाले, पण ते मध्येच बंद पडत. प्राणवायूची नळी गोठली आणि शेजाऱ्याच्या वेळेत लक्षात आलं नाही, तर माणूस गोळी न लागताच जाई.

त्यात अमेरिकनांनी दिवसा बॉम्बफेक करायचं ठरवलं होतं. ब्रिटिश रात्री जात, अंधाराच्या आडोशाने. अमेरिकनांचा विश्वास अचूक नेमबाजीवर होता आणि नेम धरायला उजेड लागतो. म्हणजे शत्रूलाही उजेड मिळतो. १९४३ च्या सुरुवातीला सोबतीची लढाऊ विमानं फार तर फ्रान्सच्या किनारपट्टीच्या जरा आतपर्यंत येत, पुढे बॉम्बरांनी आपलं आपण बघायचं. त्यासाठी सगळ्यांनी पंखाला पंख लावून ठरावीक रचनेत उडायचं, म्हणजे प्रत्येकाच्या तोफा दुसऱ्याची पाठ राखतील. रचना फुटली की मागे पडलेलं विमान गेलंच. जर्मन वैमानिकांनी १९४२ च्या अखेरीस हेरलं की बी-१७ चं तोंड कमजोर आहे, आणि ते समोरून, किंचित वरून, थेट अंगावर यायला लागले. चित्रपटाचं नाव या दिशेचंच आहे: घड्याळातल्या बाराची दिशा म्हणजे नाकासमोर, आणि ‘हाय’ म्हणजे वरून. बॉम्ब टाकण्याआधीची काही मिनिटं तर विमान सरळ, एका उंचीवर, एका वेगाने न्यावं लागे. खालून विमानभेदी तोफांचा मारा चालू असताना हलायचं नाही. पळताही येत नाही आणि लढताही येत नाही, अशी ती मिनिटं.

वरूनही दाब होता. जानेवारी १९४३ मध्ये कॅसाब्लँका इथे रूझवेल्ट आणि चर्चिल भेटले. अमेरिकनांनी दिवसाचा हट्ट सोडून रात्रीच्या बॉम्बफेकीत सामील व्हावं, असं चर्चिलचं मत होतं. ईकर तिथे गेला आणि रात्री ब्रिटिश, दिवसा अमेरिकन, असा चोवीस तासांचा मारा जर्मनीवर ठेवता येईल, हे त्याने चर्चिलच्या गळी उतरवलं. थरलीचा खांदेपालट याच महिन्यातला आहे, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो. ईकरला त्या दिवसांत दाखवायला निकाल हवे होते. एक गट जरी ढेपाळला असता तरी सगळ्या कल्पनेवरच प्रश्नचिन्ह लागलं असतं. चित्रपटात सॅव्हेजचा वरिष्ठ असलेल्या जनरल प्रिचर्डच्या चेहऱ्यावर हा दाब सतत दिसतो. तो सॅव्हेजला सांगतो की माणूस किती सहन करू शकतो याची शेवटची हद्द आपल्याला शोधायची आहे.

आता डेव्हनपोर्टकडे वळतो. नेतृत्वाच्या धड्यात त्याच्या वाट्याला खलनायकाच्या जवळपासची जागा येते आणि मला तो अन्याय वाटतो.

चित्रपटातली युद्धाची गोष्ट सुरू होते ती तळावर परतणाऱ्या विमानांनी. एक विमान चाकं न उघडता पोटावर घसरत येतं. हे दृश्य खरोखरीच्या बी-१७ चं आहे. पॉल मँट्झ या वैमानिकाने अलाबामातल्या एका धावपट्टीवर ते विमान एकट्याने उडवत आणून पोटावर उतरवलं. विमानातून बाहेर येतो तरुण सहवैमानिक बिशप. त्याच्या शेजारच्या वैमानिकाच्या डोक्याला जखम होऊन तो बेभान झाला होता, बिशपने एका हाताने त्याला आवरत आणि दुसऱ्या हाताने विमान सांभाळत परतीचा सगळा रस्ता काढला. याच्या मागेही एक खरी घटना आहे, ९२ व्या गटातल्या जॉन मॉर्गनची. एका तोफचीचा हात तुटून विमानात राहिला आहे आणि त्याचं काय करायचं हे कोणालाच कळत नाही. कॅमेरा तो हात दाखवत नाही. घोंगडीत काहीतरी गुंडाळलेलं आहे आणि ते कोणी उचलायचं याबद्दल थोडकं बोलणं होतं, बस.

त्याच संध्याकाळी हुकूम येतो: उद्या पुन्हा जायचं आणि नऊ हजार फुटांवरून जायचं. नऊ हजार फूट म्हणजे विमानभेदी तोफांच्या तोंडात. डेव्हनपोर्ट चिडतो, जुना मित्र असलेल्या सॅव्हेजकडे जाऊन भांडतो. सॅव्हेज प्रिचर्डला सांगतो की डेव्हनपोर्ट माणसांत फार गुंतला आहे. हे निदान पुढे सगळ्या चित्रपटावर छापासारखं बसतं. पण खऱ्या थरलीत काय झालं होतं ते बघा. ९ नोव्हेंबर १९४२ रोजी सेंट नझेर बंदरावर ३०६ व्या गटाला साडेसात हजार फुटांच्या आसपास जाण्याचा हुकूम आला. ओव्हरॅकरने विरोध केला. ऐकलं गेलं नाही, तेव्हा तो स्वतः पुढच्या विमानात बसून गेला. गटाची तीन विमानं पडली. एवढ्या उंचीचा प्रयोग मग मागे घेण्यात आला. म्हणजे ज्याला ‘गुंतलेला’ म्हटलं, त्याची एक तक्रार तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती. कडक साहेबाचं कौतुक करणाऱ्यांनी ही नोंद शेजारी ठेवावी. खालून येणारा विरोध म्हणजे नेहमीच मऊपणा नसतो. कधी कधी ती मैदानावरची माहिती असते.

डेव्हनपोर्टची खरी चूक दुसरीकडे आहे, आणि चित्रपट ती नेमकी दाखवतो. झिमरमन नावाच्या नॅव्हिगेटरच्या, म्हणजे विमानाचा मार्ग आखणाऱ्याच्या, चुकीमुळे गट लक्ष्यावर उशिरा पोचला आणि त्याची किंमत मोजावी लागली. प्रिचर्ड विचारतो की त्याला बदलणार की नाही. डेव्हनपोर्ट नकार देतो, दोष स्वतःवर घेतो. त्याला पदावरून काढलं जातं आणि झिमरमन आत्महत्या करतो. मला वाटतं, एखाद्याला पाठीशी घालणं आणि त्याला सांभाळणं यांतला फरक या छोट्या प्रसंगात आहे. झिमरमनला त्या कामातून काढून विश्रांती आणि दुसरं काम देणं, हे त्याला सांभाळणं झालं असतं. डेव्हनपोर्टने त्याला त्याच खुर्चीत ठेवलं, वर अपराधाची भर घातली. थकलेला साहेब थकलेल्या माणसाला ओळखतो, पण त्याच्यासाठी निर्णय घेण्याइतकी ताकद त्याच्यात उरलेली नसते.

आणि मग सॅव्हेज येतो. त्याच्या आगमनाचं दृश्य मी वर्गात थांबवून थांबवून दाखवतो. मोटार तळाच्या जरा अलीकडे थांबते. सॅव्हेज पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेला असतो. तो उतरतो, ड्रायव्हरला सिगारेट देतो, दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून ओढतात. दोन मित्रांसारखे. सिगारेट संपते. सॅव्हेजचा आवाज बदलतो, ड्रायव्हर मागचं दार उघडून सलाम ठोकतो आणि जनरल मागच्या सीटवर जाऊन बसतो. दहा-वीस पावलांवर फाटक आहे. पहारेकरी ओळखपत्र न बघता गाडी आत सोडतो आणि सॅव्हेज गाडी थांबवून त्याची खरडपट्टी काढतो. म्हणजे हा माणूस मुळात कडक नाही. तो कडकपणा अंगावर चढवतो, फाटकाच्या अलीकडे, ठरवून. पेकने हे डोळ्यांनी केलं आहे, संवादाने नाही. पुढे चित्रपटभर त्याला ते अंगावरून उतरवायची सोय कुठेच मिळत नाही. शेवटी जे होतं त्याचं बी इथे पेरलेलं आहे असं मला वाटतं.

आत आल्यावर तो गणवेश नीट नसलेल्या कारकुनाला शिपाई करतो, बार बंद करतो, तळावर हजर नसलेल्या लेफ्टनंट कर्नल गेटलीला पकडून आणायला लावतो. मग सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की भीती वाटणं साहजिक आहे, पण स्वतःची काळजी करणं बंद करा, घरी जायचे बेत सोडा, आपण मेलेलोच आहोत असं धरून चाला. एकूण एक वैमानिक बदलीचा अर्ज देतो. गटाचं कार्यालय सांभाळणारा ॲडज्युटंट मेजर स्टोव्हल, वयाने मोठा, युद्धाआधी वकील असलेला माणूस, अर्जांचे कागद मुद्दाम रेंगाळत ठेवतो. या गटालाच तो आपला अशील मानतो. सॅव्हेजला वेळ मिळतो तो या वकिलाच्या कागदी डावपेचांमुळे. डीन जॅगरला या कामासाठी ऑस्कर मिळालं आणि ते योग्य माणसाला मिळालं. कोणत्याही कारखान्यात असा एक स्टोव्हल असतोच. नवा साहेब यशस्वी झाला की त्या यशातला त्याचा वाटा कोणी मोजत नाही.

सॅव्हेजच्या उपायांपैकी काही निखालस बरोबर होते. रचनेचा सराव हा त्यातला पहिला. वर सांगितलं तसं, रचना नीट राहिली तर जीव वाचत, त्यामुळे सरावाला उत्तर नव्हतं. माणसांना काय करायचं ते नेमकं माहीत असलं की भीती कमी होत नाही, पण तिला बसायला जागा मिळते. स्वतः प्रत्येक कठीण मोहिमेत पुढच्या विमानात बसणं हाही बरोबरच. काही उपायांबद्दल मात्र मला शंका आहे. पेटिंगिल नावाचा वैमानिक खोलीतल्या मित्राचं विमान मागे पडलं म्हणून त्याला सोबत करायला रचना सोडतो. सॅव्हेज त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतो आणि तळावरच्या सगळ्या खोल्यांच्या जोड्या मोडून टाकतो, म्हणजे कोणाची कोणाशी मैत्रीच राहायला नको. रचना सोडणं चूकच होतं. पण उपाय? रॉय ग्रिंकर आणि जॉन स्पीगेल या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी उत्तर आफ्रिकेत आणि नंतर फ्लोरिडात शेकडो खचलेल्या वैमानिकांवर उपचार केले आणि १९४५ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं, की माणसाला पुन्हा पुन्हा विमानात चढवणारी सर्वांत मोठी शक्ती म्हणजे आपल्या सोबत्यांबद्दलची ओढ. शत्रूचा द्वेष किंवा देशाचं ध्येय हे त्याच्या बरंच मागे. सॅव्हेजने तीच दोरी कापायला घेतली. चित्रपटात गट तरीही बांधला जातो, कारण कापलेली दोरी माणसं दुसरीकडून जोडून घेतात.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. एका मोहिमेत परत फिरा असा संदेश येतो. सॅव्हेज तो मानत नाही, लक्ष्य गाठतो, एकही विमान न गमावता परततो आणि प्रिचर्डला रेडिओ बिघडला होता असं सांगतो. गटाचा आत्मविश्वास इथे परत येतो. माझ्या वर्गात या प्रसंगाला हमखास टाळ्या पडतात. मी त्यांना विचारतो, की ढग जास्त असते आणि चार विमानं गेली असती तर याच निर्णयाला आपण काय म्हटलं असतं? चांगला निकाल लागला म्हणून निर्णय चांगला ठरत नाही. ज्या पहारेकऱ्याने ओळखपत्र बघितलं नाही त्याच्यावर पहिल्याच दिवशी आग पाखडणारा माणूस वरिष्ठांचा हुकूम डावलतो आणि वर खोटं बोलतो, ही विसंगती चित्रपट लपवत नाही. तो प्रेक्षकावर सोडतो.

तरीही गट सुधारतो. चौकशीला वरून अधिकारी येतो तेव्हा बिशप आणि इतर वैमानिक अर्ज मागे घेतात. गेटलीवर सॅव्हेजने सर्वांत कठोर शिक्षा लादलेली असते. नालायक ठरलेली सगळी माणसं त्याच्या विमानात भरायची आणि त्या विमानाच्या अंगावर ‘लेपर कॉलनी’, म्हणजे महारोग्यांची वस्ती, असं रंगवायचं. हाच गेटली पुढे पाठीच्या मणक्याला इजा झालेली लपवून उडत राहतो आणि शेवटी इस्पितळात जाऊन पडतो. सॅव्हेज त्याला भेटायला जातो आणि फारसं काही बोलू शकत नाही. बहुतेकांना यात शिक्षेचं यश दिसतं. मला त्यात धोक्याची खूण दिसते. आपला माणूस मोडका मणका लपवून कामावर येतो, कारण ‘जमत नाही’ म्हणायची सोयच आपण ठेवलेली नाही. चांगल्या नावाच्या कारखान्यातसुद्धा बोटाला टाके असताना यंत्रावर उभे राहणारे कामगार मी पाहिले आहेत. सुपरवायझर त्याला निष्ठा म्हणतात.

आता हिशेब. समजा प्रत्येक मोहिमेत शंभरातली पाच विमानं परत येत नाहीत. पहिल्या वर्षी आकडा कधी याच्या खाली असे, कधी बराच वर. पाच टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. पण पंचवीस मोहिमा करायच्या असतील तर शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता शेकडा २८ च्या आसपास येते. नुकसान चार टक्क्यांवर आणलं तर ती ३६ होते. दोन टक्क्यांवर आणलं तर ६० होते. आणि जेव्हा पंचवीस हा आकडाच ठरलेला नसतो, उडत राहायचं आणि संपेपर्यंत उडायचं असं असतं, तेव्हा गणित शून्याकडेच जातं. माणसांना हे गणित कागदावर मांडावं लागत नसे. जेवणाच्या खोलीतल्या रिकाम्या खुर्च्या ते मांडत. आपण मेलेलोच आहोत असं धरा, हे सॅव्हेजचं वाक्य क्रूर वाटतं, पण ज्या तळावर मोहिमांना शेवट नाही तिथे ते गणिताच्या दृष्टीने जवळजवळ खरंच होतं.

पंचवीस मोहिमांची मर्यादा १९४३ च्या वसंतात आली. आठव्या हवाई दलात ती पूर्ण करणारा पहिला माणूस थरलीचाच, ३०६ व्या गटाचा सार्जंट मायकेल रॉस्कोविच. एप्रिल १९४३ मध्ये त्याने पंचवीसावी मोहीम पुरी केली. तळावरच्या माणसांना आपल्यातला एक जण जिवंत सुटलेला डोळ्यांनी दिसला, याचा परिणाम कोणत्याही भाषणापेक्षा मोठा झाला असणार असं मी मानतो.

चित्रपटात सॅव्हेजला अशी मर्यादा नाही. तो उडत राहतो आणि हळूहळू डेव्हनपोर्ट होत जातो. त्याला माणसांची नावं, तऱ्हा, घरं कळायला लागतात. बिशपवर त्याचा जीव जडतो. तो त्याला पुढे आणतो, त्याच्यावर भिस्त ठेवतो. स्टोव्हल, डॉक्टर, धर्मगुरू आणि तो शिपाई केलेला कारकूनही एका मोहिमेत लपून विमानात शिरतात, इतका गट एक झालेला असतो. मग बॉल बेअरिंगच्या कारखान्यावरची मोहीम येते. बिशप परत येत नाही. कारखाना पुरता मोडलेला नाही, त्यामुळे लगेच पुन्हा जायचं.

बी-१७ च्या नाकाखालच्या झडपेतून वैमानिकांना आत जाण्यासाठी शिडी नसे. काठाला दोन्ही हातांनी धरायचं, अंग वर ओढायचं आणि पाय आधी आत टाकायचे. तरुण मुलं हे खेळल्यासारखं करत. सॅव्हेज काठ धरतो. दंड थरथरायला लागतात. अंग वर उचललं जात नाही. तो पुन्हा धरतो, पुन्हा तेच. अंगात ताकद आहे, डोक्यात हुकूम आहे, पण हात ऐकत नाहीत. तो ओरडत नाही, रडत नाही, विमानं सुरू होऊन गरजायला लागतात आणि त्याला बाजूला ओढून घ्यावं लागतं. इस्पितळातून परतलेला गेटली गट घेऊन जातो. सॅव्हेज खोलीत खुर्चीवर बसून राहतो, डोळे उघडे, आत कोणी नाही. डॉक्टर म्हणतो की दिवा जाण्याआधी त्याची तार सर्वांत जास्त उजळते. विमानं परतल्याचे आवाज ऐकू येतात तेव्हा कुठे तो आडवा होतो आणि झोपतो. संगीतकार आल्फ्रेड न्यूमन चित्रपटभर फार हात आखडून आहे आणि या भागात ते सर्वांत जास्त जाणवतं. प्रेक्षकाला कसं वाटून घ्यायचं हे कोणी सांगत नाही.

खऱ्या आर्मस्ट्राँगचं असं काही झालं नाही. सॅव्हेजच्या शेवटाला ब्रिगेडियर जनरल न्यूटन लाँगफेलोच्या थकव्याचा आधार होता, आणि ती थिजलेली अवस्था अनेकांच्या अनुभवांचं सार म्हणून लेखकांनी रचली. आर्मस्ट्राँगने २७ जानेवारी १९४३ रोजी विल्हेल्म्सहाफेनवर जर्मनीतल्या पहिल्या अमेरिकन मोहिमेचं नेतृत्व केलं, त्यात तीनच विमानं गमावली गेली आणि फेब्रुवारीच्या मध्याला त्याची पुढे बढती झाली. थरलीत तो जेमतेम सहा आठवडे होता.

सहा आठवडे. या प्रकरणातला हा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. कडक पद्धतीचं जे यश जगभर शिकवलं जातं, त्याच्या मूळ प्रयोगाची मुदत एवढीच होती. पेकच्या सॅव्हेजला लेखकांनी त्यापुढे राहू दिलं आणि तो मोडला. म्हणजे काल्पनिक भाग हाच या प्रकरणाचा जास्त प्रामाणिक भाग आहे. उसनं अवसान आणून गट उभा करता येतो. ते किती काळ पुरेल हा प्रश्न सहा आठवड्यांत पुढे येतच नाही. नवा प्रमुख आणताना त्याला कधी हलवायचं हेही त्याच दिवशी ठरवायला हवं, असं मी माझ्या वर्गांत सांगतो, आणि बहुतेक व्यवस्थापक या वाक्यावर अस्वस्थ होतात.

त्या काळच्या वैद्यकाने याची दखल घेतली होती का? घेतली होती, अडखळत का होईना. आठव्या हवाई दलाचा मुख्य डॉक्टर माल्कम ग्रो याने लंडनच्या विल्किन्सन सोर्ड या तलवारी बनवणाऱ्या कंपनीकडून पोलादी पट्ट्यांची जाकिटं करवून घेतली आणि जखमी होणाऱ्यांचं प्रमाण घटवलं. खेड्यांतल्या मोठ्या वाड्यांमध्ये विश्रांतीगृहं उघडली, पहिलं हॅम्पशायरमधल्या स्टॅनब्रिज अर्ल्सला, ओव्हरॅकरला पदावरून काढलं त्याच जानेवारीत. तिथे गणवेश नाही, हुकूम नाही, घोडे आणि टेनिस. शेजारच्या ब्रिटिश हवाई दलात उडायला नकार देणाऱ्यावर ‘नैतिक बळाचा अभाव’ असा शेरा मारून त्याची वैमानिकाची खूण काढून घेत. त्या दलाच्या बॉम्बर विभागात सव्वा लाख उडणाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले. एवढा मृत्युदर असलेल्या कामात नकार देणाऱ्याला भेकड ठरवणं ही प्रशासनाची सोय होती, आणि मला तिची चीड येते. अमेरिकनांनी निदान ‘थकवा’ हे नाव वापरायचा प्रयत्न केला, आणि ‘थकवा’ म्हटलं की विश्रांती देता येते.

१४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टच्या बॉल बेअरिंग कारखान्यांवर दुसरी मोठी मोहीम झाली. २९१ बॉम्बर निघाले, साठ परत आले नाहीत. त्यांत थरलीच्या गटाची दहा होती. तोपर्यंत थरलीत शिस्त होती, सराव होता, चांगले प्रमुख होते. ओव्हरॅकरच्या काळात ज्याचा अभाव म्हणून त्याला काढलं होतं ते सगळं होतं. आणि तरी एका दुपारी दहा विमानं, शंभर माणसं. कमी होतं ते बर्लिनपर्यंत सोबत करू शकणारं लढाऊ विमान. ते डिसेंबरपासून यायला लागलं आणि फेब्रुवारी १९४४ पासून जर्मन लढाऊ दलाचा कणा मोडू लागला. बॉम्बरांच्या परतण्याची शक्यता वाढली.

तेव्हा जनरल डूलिटल आठव्या हवाई दलाचा प्रमुख झाला होता. अनुभवी माणसं ऐन उपयोगाची होतात तेव्हाच घरी जातात, असं त्याचं म्हणणं होतं, आणि धोका कमी झाला असल्याने त्याने मोहिमांची मर्यादा पंचवीसवरून तीस केली. पुढे ती पस्तीस झाली. ज्या पोरांनी तेवीस-चोवीस मोहिमा पुऱ्या करून सामान आवरायला घेतलं होतं, त्यांना ही बातमी तळावरच्या फलकावरून कळली असो की प्रमुखाच्या तोंडून, ती सांगायचं काम पुन्हा कोणा डेव्हनपोर्टलाच करावं लागलं असणार.